अर्धी बोट

बोट पाण्यात असते तोवर तिचं वजन कुणाच्या लक्षात येत नाही. एका हाताने ढकलली तरी ती सरकते. तिला जमिनीवरून न्यायचं ठरलं, की मात्र माणसं मोजावी लागतात. आमची बोट एंटरप्राइज वर्गातली. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही रचना. साधारण सव्वातेरा फूट लांब, निळ्या शिडांची, दोघांनी चालवायची. डोलकाठी आणि शिडं सोडून नुसत्या बोटीचंच वजन नव्वद किलोंच्या वर. ती खडकवासल्याहून हैदराबादच्या हुसेनसागरला न्यायची होती, कारण निवृत्तीनंतर आम्ही मुलीजवळ राहायला निघालो होतो.

बोट दोघांची होती. सुकाणू आणि मोठं शीड माझ्याकडे. पुढचं शीड, म्हणजे जिब, माझ्या जोडीदाराकडे. वारा वाढला की बोट कलते. मग दोघांनी काठावर बसून अंग बाहेर झोकायचं आणि तिला पुन्हा सपाट आणायचं. सिंहगडाच्या बाजूने येणारा वारा भरवशाचा नाही. डोंगराला वळसा घालताना तो क्षणात दिशा बदलतो. चौदा वर्षं त्या वाऱ्यात बसल्यावर आम्हाला एकमेकांना काही सांगावं लागत नसे. पुढे गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचं काठावर बसणं संपलं. म्हणून बोट माझ्याबरोबर जावी, हे त्यानेच ठरवलं. मी त्याच्या वाट्याचे पैसे पुढे केले, तेव्हा म्हणाला, "अरे, अर्ध्या बोटीचे पैसे कसे घेऊ? पुढची अर्धी माझी, की मागची?"

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. धरणातलं पाणी खूप खाली गेलेलं, काठाला चिखलाचा रुंद पट्टा. डोलकाठी आडवी केली, तिच्या ताणाच्या तारा गुंडाळून बांधल्या, सुकाणू काढून गोणपाटात बांधलं. मग आठ जणांनी बोट उचलून चौदा फुटी आयशरमध्ये चढवली. खाली जुन्या गाद्या आणि टायरच्या ट्यूब. पट्टा जास्त आवळला तर पातळ लाकूड दबतं, सैल ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात बोट उडते. बुडातलं बूच काढून ठेवायचं, म्हणजे वाटेत पाऊस लागला तर पाणी आत साठत नाही. जोडीदार काठी टेकत एकेक गाठ तपासत होता. डोलकाठी बोटीहून लांब, ती मागे बाहेर आलेली. तिच्या टोकाला त्याने लाल फडकं बांधलं. मग जिबचा जुना दोर सोडवून घेतला आणि म्हणाला, "हा राहू दे माझ्याकडे. तिकडे नवा घे."

मी ट्रकमध्येच बसलो. ड्रायव्हर उमरग्याचा, वयाने तिशीतला. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं तसं त्याने विचारलं, "काका, हिला डिझेल किती लागतं?"

"लागतच नाही. वाऱ्यावर चालते."

"आन् वारा नसला तर?"

"थांबायचं."

त्याने जरा विचार केला. "मग भाडं कसं परवडतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोलापूर, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, तेलंगणातलं जहीराबाद. तीन राज्यं ओलांडताना टोलनाक्यावर जो तो बोटीकडे पाहून समुद्र किती लांब आहे ते विचारत होता. समुद्राकडे आम्ही निघालोच नव्हतो. एका धरणाचं पाणी सोडून दुसऱ्या तलावाकडे चाललो होतो.

हुसेनसागर सोळाव्या शतकातला, कुतुबशाहीच्या काळात बांधलेला. त्याच्या मधोमध उभा असलेला ग्रॅनाइटचा अखंड बुद्धही रस्त्यानेच इथवर आला. पण १९९० च्या मार्चमध्ये तराफ्यावरून नेताना तो पाण्यात गेला, माणसंही दगावली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये तो अखेर आपल्या जागी उभा राहिला. जड वस्तूंचा खरा धोका रस्त्यात नसतो. काठावरून पाण्यात जातानाच्या त्या थोड्याशा अंतरात असतो. आमची बोट उतरवताना मला तेच आठवत होतं. ती नीट उतरली.

पाणी हिरवं होतं आणि काही दिवस त्याला वास येई. वारा मात्र पावसाळ्यात उत्तम. शब्द बदलले. शिडाला इथे कुणी बादबान म्हणालं, कुणी तेरचाप. होडीला तेलुगूत पडव म्हणतात हे कळलं, तेव्हा आपल्या जुन्या मराठीतला 'पडाव' आठवला. आपल्याकडे त्याचा अर्थ मुक्काम, आणि मोठी होडीसुद्धा. एकाच शब्दात थांबणं आणि निघणं दोन्ही.

जिबवर आता कॉलेजात जाणारी एक मुलगी बसते. ती चपळ आहे, माझ्याहून आधी तिला वारा दिसतो. पण तिला सांगावं लागतं आणि मलाही ऐकावं लागतं. पहिले काही आठवडे मी बोलतच नव्हतो. शेवटी ती म्हणाली, "अंकल, आप किससे बात करते हैं मन में?" तेव्हापासून मी मोठ्याने बोलतो.

जोडीदार रविवारी फोन करत नाही. रविवार हा आमचा बोटीचा दिवस होता. त्याचा फोन आला तो जुलैत, धरण भरल्यावर. "मुठेत पाणी सोडलंय," तो म्हणाला. "तुझ्याकडे पाठवलंय."

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर नकाशा उघडला. मुठेचं पाणी मुळा-मुठेतून भीमेला, भीमा रायचूरजवळ कृष्णेला, आणि कृष्णा पुढे श्रीशैलम करून नागार्जुनसागरात. तिथून पंपांनी उचललेलं कृष्णेचं पाणी हैदराबादला पिण्यासाठी येतं. वाटेत उजनी आहे, आणखी धरणं आहेत. नेमकं आमच्या काठाचं पाणी किती पोचत असेल, देव जाणे. पण रस्ता आहे. हुसेनसागराचं जास्तीचं पाणी मुसीत जातं, आणि मुसी वाडपल्लीजवळ त्याच कृष्णेला मिळते.

मी त्याला उलट फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पोचायला वेळ लागेल. तोवर दोर बदललास का?"