स्पंजाच्या गावी

मुंबईकराला कोणतेही दुखणे सांगा, तो समुद्राची हवा सुचवतो. आमच्या सौ.ला नैराश्याचा आजार जडला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हेच केले. मीही रोज संध्याकाळी तिला दादरच्या चौपाटीवर नेऊ लागलो. ती वाळूत बसे आणि 'चल' म्हटले की उठे. समोर समुद्र, हातात भेळ आणि चेहऱ्यावर अमावास्या! शेवटी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी ती हळूहळू माणसांत आली. पण गोळीची वेळ झाली की माझ्याच कपाळाला आठी पडे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मायामीला लेकीकडे गेलो. ती औषधांच्या संशोधनात असते. एका रविवारी तिने आम्हांला मोटारीतून की वेस्टला नेले. जमीन संपते तिथून ११३ मैल रस्ता आणि बेचाळीस पूल! डावीकडे अटलांटिक, उजवीकडे मेक्सिकोचे आखात आणि मधून आपण. की वेस्ट हे एकोणिसाव्या शतकात स्पंजाच्या व्यापाराचे गाव. अजूनही तिथल्या दुकानांत टोपल्या भरून स्पंज मांडलेले दिसतात.

"बाबा, हा प्राण्याचा सांगाडा आहे बरं का," लेक म्हणाली. "जिवंतपणी त्याला पळता येत नाही की चावता येत नाही. म्हणून शत्रूला दूर ठेवायला तो अंगातच रसायनं तयार करतो."

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरच्या अशाच काही स्पंजांत मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना आपल्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या कुळातली द्रव्ये सापडली. त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. ब्रोमीनचा एकच अणू असलेल्या द्रव्याने उंदीर सुस्तावले. दोन अणू असलेल्याने मात्र पाण्यात सोडलेले उंदीर जास्त वेळ हातपाय मारत राहिले.

मी हरखलो. "म्हणजे निसर्गाचंच औषध! मग या कारखान्यातल्या गोळ्या आता बंद करू या."

"बाबा, हे अजून औषध नाही. याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका स्पंजातली द्रव्यं १९५० च्या सुमारास कळली. त्यांवरून बेतलेलं सायटाराबिन रक्ताच्या कर्करोगावर मंजूर व्हायला १९६९ साल उजाडलं. आणि तेही कारखान्यातच तयार होतं!"

"मग माशाचं तेल?"

"अठरा हजारांवर लोकांवर पाच वर्षं त्याचा प्रयोग केला. २०२१ मध्ये निकाल लागला, नैराश्य काही टळलं नाही."

इतका वेळ गप्प असलेल्या सौ.ने विचारले, "उंदरांना पाण्यात सोडतात म्हणजे काय ग?"

लेकीने सांगितले. उंच भांड्यात पाणी असते, बाहेर पडायला वाट नसते. उंदीर धडपड सोडून नुसता तरंगू लागला की ती वेळ मोजतात. औषधाने ती कमी झाली, तर औषधात काही आहे असे मानतात.

"थांबला म्हणजे त्यानं आशा सोडली होय?" सौ. म्हणाली. "दमला असेल बिचारा. किंवा हातपाय मारून वाट फुटत नाही, हे कळलं असेल त्याला."

"आई, शास्त्रज्ञही आता हीच शंका काढतात."

सौ. माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "चौपाटीवर तुम्हीही माझ्याकडे असंच बघत होता. किती वेळ गप्प बसते ते मोजत."

मला काही बोलता येईना. स्पंज चाचपीत मी तसाच उभा राहिलो.

परतताना सात मैलांच्या पुलावर दिवस मावळत होता. दोन्हीकडे पाणी तांबूस झाले होते. गोळीची वेळ झाली तेव्हा मीच पिशवीतून डबी काढली, पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. कपाळाला आठी पडली नाही.

गोळी घेऊन ती खिडकीबाहेर पाहत बसली. किती वेळ, ते मी मोजले नाही.