गाण्याच्या पाठीवरचे नाव

गाणे ही वस्तू मुळात विकण्याजोगी नव्हे. ते कंठातून निघते, क्षणभर कानाशी थांबते आणि हवेत विरून जाते. त्याला बाजारात आणावयाचे तर प्रथम ते कशात तरी भरून ठेवावे लागते. आणि गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाने त्यासाठी किती तरी भांडी वापरून पाहिली. लाखेची काळी तबकडी आली, चुंबकीय फीत आली, चंदेरी चकती आली. आता तर भांडे म्हणावे असे काही उरलेच नाही, नुसते आकडे उरले आहेत. भांडे बदलले की गाण्याची लांबी बदलते, किंमत बदलते, विकणारा बदलतो, हे वर्तमानपत्रे सांगतच असतात. आमचे लक्ष मात्र भांड्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीकडे जाते. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी नसली तरी आत आंबा आहे की लिंबू, हे चवीवरून कळते. गाण्याची चिठ्ठी एकदा गळून पडली की गाणे तेवढे राहते आणि गाणारा नाहीसा होतो.

ही चिठ्ठी प्रथम स्वतः गाणाऱ्यांनीच आपल्या आवाजात लिहिली, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊक नसेल. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला होता आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीत फार तर तीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर रंगणारी चीज तेवढ्यात बसवावयाची आणि शेवटचा क्षण राखून ठेवून इंग्रजीत आपले नाव पुकारावयाचे: ‘माय नेम इज गौहरजान’. आज ते ऐकताना वर्गात हशा पिकतो. परंतु त्यामागे रोकडा व्यवहार होता. मुद्रण कलकत्त्यास होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरास ना हिंदुस्थानी भाषा कळे, ना राग कळे. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद डकवावा, हे त्याला त्या पुकारण्यावरून समजे.

आमच्या गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांना हे तीन मिनिटांचे गाणे मनापासून रुचले नाही. ध्वनिमुद्रिका त्यांनी बेतानेच दिल्या. दैवगती पाहा, त्यांतलीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जगातील संगीताचे जे २७ नमुने कोरले गेले, त्यांत भारताचा तो एकच, साडेतीन मिनिटांचा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. गाणे ताऱ्यांमधल्या अवकाशात गेले, पण त्या तबकडीच्या यादीत केसरबाईंचे नाव लिहिलेले आहे. ‘भारतातील एक गायिका’ म्हणून कोणी भागवून नेले नाही.

आमचे स्वतःचे बालपण कॅसेटच्या काळात गेले. बाबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जात आणि परतताना मिरच्या, सुंगटे व क्वचित एखादी कॅसेट आणीत. कोंकणी गीतांच्या आणि मराठी नाट्यगीतांच्या कॅसेटी आमच्या घरी एकाच फडताळात नांदत. कॅसेटच्या डबीत घडीचा कागद असे. त्यावर गायक, गीतकार, संगीतकार, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे सारे बारीक टाइपात छापलेले. आमची घरची भाषा कोंकणी; मराठीतील जोडाक्षरे आम्ही निम्मी क्रमिक पुस्तकातून शिकलो आणि निम्मी त्या कागदावरून. गाणे चालू असताना कागद हाती धरून बसावयाचे, ही आम्हा भावंडांची रीतच होती. तबलजीचे नाव पाठ असणे हा त्या वयात मोठा अभिमानाचा विषय होता.

मग एक दिवस कागद नाहीसा झाला. आम्ही हायस्कूलात असताना, २००३-०४ च्या सुमारास, एकाच चकतीत दीडशे गाणी मिळू लागली. हे कसे साधले याचा हिशेब मोठा मौजेचा आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, परंतु एवढा गुणाकार आम्हांसही येतो. गाण्याची लहर आकड्यांत लिहावयाची तर चकतीसाठी दर सेकंदास ४४,१०० वेळा ती मोजतात. प्रत्येक मोजणीस दोन बाइट, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. म्हणजे सेकंदास १,७६,४०० बाइट, मिनिटास एक कोटी पाच लक्षांवर. एवढ्या आकड्यांत चकती तासा-सव्वातासात भरून जाई. जर्मनीतील संशोधकांच्या पुढाकाराने जी एमपी-३ नावाची रीत तयार झाली, तिने कानाचा स्वभाव ओळखला. मोठ्या नादाखाली झाकलेला बारीक नाद कानाला तसाही ऐकू येत नाही. मग तो लिहावा कशाला? असे गाळत गाळत गाणे साधारण अकराव्या हिश्श्यावर आले. त्याच चकतीत आता बारा तासांचे गाणे मावू लागले.

व्यापाराचा कणा मोडला तो येथे. एवढ्या लहान झालेल्या गाण्याची नक्कल क्षणात होई, फुकट होई आणि मुळाहून तसूभरही वेगळी नसे. १९९९ साली अमेरिकेत नॅप्स्टर निघाले आणि अनोळखी माणसे एकमेकांस गाणी वाटू लागली. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे जगभरातील मुद्रित संगीताचे उत्पन्न उतरत गेले. आमच्याकडे ही क्रांती मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर अवतरली. दहा-वीस रुपये दिले की टपरीवाला मेमरी कार्ड काठोकाठ भरून देई. त्या गाण्यांची नावे ‘ट्रॅक ०७’, ‘नवे गाणे २’ अशी असत. कानाला न ऐकू येणारा नाद गाळता गाळता वाटेत तबलजीही गळाला होता. मग गीतकार, मग संगीतकार, आणि अखेरीस गायकही.

आज गाणे विकत घ्यावेच लागत नाही. ते भाड्याने ऐकावयाचे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आले. श्रोत्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका मोठ्या हंड्यात जमा होतात, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश रक्कम हक्कदारांसाठी काढली जाते, आणि एकूण ऐकण्यात ज्याच्या गाण्याचा जेवढा हिस्सा तेवढे त्याला मिळते. कोमुनिदादीचे उत्पन्न गावकरांत वाटले जाते, त्याची आठवण व्हावी. दोन्हीकडे वहीत नाव असल्यावाचून पै मिळत नाही. तीस सेकंद ऐकले की ते एकदा ऐकले असे धरतात. येथे ख्यालगायकाची मोठी पंचाईत होते. चाळीस मिनिटांचा यमन आणि दोन मिनिटांचे उडते गीत यांची मोजदाद सारखीच, एक आणि एक. शिवाय तीस सेकंदांत तंबोऱ्याचे सूर कानात जेमतेम मुरतात. २०२४ पासून तर या कंपनीने असाही नियम केला, की मागील बारा महिन्यांत जे गाणे हजार वेळा ऐकले गेले नाही त्यास त्या मोजणीतून काहीच द्यावयाचे नाही. काही लाखांच्या वस्तीतल्या भाषेला हजार हा आकडा किती जड, हे आम्हा कोंकणी माणसांस कोणी शिकवावयास नको.

तरीही जुने दिवस बरे होते असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीस आम्ही बसणार नाही. पूर्वी मुंबईच्या कंपनीच्या पायऱ्या झिजविल्यावाचून खेड्यातल्या गळ्याला तबकडी मिळत नसे. आता काणकोणातील पोरगा अल्प वर्गणी भरून आपले गाणे रात्रीत जगभर धाडू शकतो. दार उघडले आहे, हे खरेच. मात्र दारात एक फॉर्म भरावा लागतो. गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता, प्रत्येकासाठी रकाना असतो. मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक खुणेचा क्रमांक मिळतो. पैसा या रकान्यांच्या वाटेने चालतो. नाईक हे आडनाव रोमन लिपीत निदान चार तऱ्हांनी लिहितात. एकाच गायकाचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी पडले की यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे होतात आणि मोजणी दुभंगते. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या मास्तरांस विद्यार्थी हसतात. त्यांनी हे ध्यानी धरावे.

तीन वर्षांपूर्वी हा सारा प्रश्न आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. शाळेजवळच्या वाड्यावर एक आजी राहतात. वय सत्तरीपलीकडचे. पौष महिन्यात मांडावर धालो भरतात, समोरासमोर बायकांच्या दोन ओळी उभ्या राहतात, तेव्हा पहिला आवाज आजींचा. शहरातून आलेल्या एका तरुण संगीत-संयोजकाने त्यांचे गाणे मोबाइलवर मुद्रित करून नेले. चहा झाला, आजी खुशीने गायल्या. त्यात वावगे काही नव्हते. काही महिन्यांनी त्या गाण्याखाली ढोलाचा ठेका घालून पन्नास सेकंदांचा तुकडा बाजारात आला आणि लग्नाच्या चित्रफितींतून सर्वत्र वाजू लागला. नववीतील एक मुलगी मधल्या सुटीत आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, हा आमच्या आजीचा आवाज.” खाली लिहिले होते, ‘गोव्याचे पारंपरिक लोकगीत’, आणि त्याखाली संयोजकाचे नाव, ठसठशीत.

संध्याकाळी आम्ही त्या मुलीबरोबर आजींकडे गेलो. गाणे लाखावर लोकांनी ऐकले, हे सांगितल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. पैशाचा शब्द त्यांनी काढला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “पुता, तातूंत म्हजें नांव आसा मूं?”

नव्हते.

संयोजकास पत्र लिहिले. त्याचे उत्तर सभ्य होते: लोकगीताला मालक नसतो. हे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे अवघड जाते. शब्दांना मालक नाही, चालीला मालक नाही. पण त्या पन्नास सेकंदांतला गळा हा एकाच बाईचा होता. आमच्या देशाचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा हा भेद ओळखतो. कला सादर करणाऱ्या माणसाची त्यात जी व्याख्या आहे, तीत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा हेही आहेत. (गारुड्याच्या शेजारी व्याख्यात्यास बसविणाऱ्या कायदेपंडितांनी एखादा शिक्षक जवळून पाहिला असावा, असा आमचा तर्क आहे.) २०१२ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येकास आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे असे मागण्याचा हक्क दिला. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटाही सुरक्षित केला. वर्तमानपत्रांत तेवढ्याचीच चर्चा झाली. आम्ही दुसरे पत्र लिहिले, त्यात हे कलम नमूद केले, आणि खाली मुलीने सही केली. बारा दिवसांनी नाव आले. त्यात एक अक्षर चुकले होते, त्यामुळे ते दुसऱ्याच कोण्या बाईचे झाले होते. तिसऱ्या पत्रानंतर ते दुरुस्त झाले.

यंत्र आता आवाजाचीच नक्कल करू लागले आहे. २०२४ साली अरिजीत सिंग यांना आपल्या नावाच्या व आवाजाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. नामवंतांस न्यायालय गाठता येते. वाड्यावरच्या आजींस नववीतली नात असावी लागते.

गेल्या पौषापासून शाळेच्या मुलांनी वाड्यावरच्या बायकांची गाणी, त्यांची रीतसर संमती घेऊन, स्वतःच मुद्रित करावयास आरंभ केला आहे. फॉर्म मुलेच भरतात. गीतकार: पारंपरिक. संगीतकार: पारंपरिक. गायिका: येथे पूर्ण नाव, तीनदा तपासून. परंतु गाणाऱ्या बायका सर्वांआधी जे सांगतात, त्यासाठी त्या फॉर्मात रकाना नाही. ‘हे मी कोणाकडून शिकले’ हे त्या न विचारता सांगतात. म्हणून मुलांनी एक निराळी वही घातली असून तिच्यात तो रकाना आखला आहे. आजींनी एका गाण्यासाठी तेथे तिघींची नावे सांगावयास घेतली. पहिली त्यांची सासू. दुसरी सासूची थोरली जाऊ. या दोघींची नावे त्यांनी स्पष्ट उच्चारली. तिसरी त्या जावेची मैत्रीण, जिने हे गाणे माहेराहून आणले. तिचे नाव मात्र आजींना काही केल्या आठवेना. त्या डोळे मिटून पुष्कळ वेळ बसल्या. मग म्हणाल्या, पेडण्याची होती, पायाने अधू होती, पण आवाज पलीकडच्या डोंगरावर जाई. मुलीने आमच्याकडे पाहिले आणि रकान्यात तेवढेच लिहिले.