चौदा आण्यांचा आंबा

रत्नागिरी शहरातून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूला निघालेल्या प्रवाशाला चैत्रात प्रथम दिसतो तो तापलेला तांबूस कातळ. मातीचा थर इतका पातळ की गवतही पावसाळ्यापुरतेच हिरवे राहते. या जांभ्या दगडात सुरुंगाने खड्डे पाडावयाचे, बाहेरून आणलेल्या मातीने ते भरावयाचे आणि त्यांत हापूसचे कलम लावावयाचे, अशा रीतीने येथील कित्येक बागा उभ्या राहिल्या. दहा-दहा मीटरांवर लावलेली कलमे एकरात चाळीसच बसतात. अडीच एकरांचा धनी म्हणजे शंभर झाडांचा धनी. आणि हापूस वर्षाआड भरणारा असल्यामुळे त्यांतीलही बरीच झाडे एखाद्या वर्षी नुसती पानांनी भरून उभी असतात.

अशा लहान बागेत उन्हाळ्याच्या आरंभी घरातील प्रत्येक हाताला काम असते. फळाची वाढ येथे मापाने नव्हे, उपमेने सांगतात: वाटाण्याएवढे, गोटीएवढे, अंड्याएवढे. वाटाण्याएवढे झाले की गळ सुरू होते. ती आवरण्यासाठी पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा प्रत्येक झाडाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी द्यावे, असे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ सांगते. विहिरी तळाला गेलेल्या असताना कातळावर हे पाणी चढविणे म्हणजे काय, ते चढविणाऱ्यालाच ठाऊक. झाडाच्या बुंध्याभोवती सुका पाला आणि गवत पसरून ठेवतात. ती आळशीपणाची खूण नव्हे. तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेने फळाच्या गरात साका धरतो, तो या आच्छादनाने कमी होतो. साक्याचा आंबा बाहेरून निर्दोष दिसतो. दोष कळतो तो सुरी लागल्यावर, आणि तोवर पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असते.

फळ अंड्याएवढे झाले की त्यावर २५ बाय २० सेंटिमीटरची कागदी पिशवी बांधतात. एकेक फळ, एकेक पिशवी, एकेक गाठ. फळमाशी आत शिरत नाही, डाग पडत नाहीत, पुढच्या फवारण्याही कमी होतात. जेथे पाणी गाळल्यावाचून पीत नाहीत, अशा घरांना या पिशवीचे मोल वेगळे सांगावयास नको. पण उंच फांद्यांपर्यंत हात पोचत नाही, त्यामुळे बागेतील सर्व फळांच्या वाट्याला ती येत नाही.

खरी कसोटी मात्र पुढेच असते. नाण्यांची दशमान पद्धत १९५७ साली आली आणि आणे व्यवहारातून गेले. आंब्याच्या बागेत ते अजून चालतात. झाडावर पूर्ण पिकलेले फळ सोळा आण्यांचे. उतरवावयाचे ते चौदा आण्यांचे: देठाजवळचे खांदे वर आलेले, गडद हिरवा रंग फिका पडू लागलेला, पाण्यात टाकले तर बुडणारे. फार थांबले तर साक्याचे भय वाढते. घाई केली तर आढीत सुरकुतते आणि आंबट राहते. शंभर झाडांवरची फळे एका दिवशी चौदा आण्यांना येत नाहीत. म्हणून घरचा जाणता माणूस सकाळचे ऊन चढण्याआधी झेला घेऊन फिरतो, काही फळे काढतो, बाकीची ठेवतो आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा त्याच झाडाखाली येतो. फळ काढताना थोडा देठ राखावा लागतो. नाहीतर चीक सालीवर ओघळून काळा डाग पडतो.

बाजाराला हा धीर नसतो. पाडव्याच्या सुमारास वाशीच्या घाऊक बाजारात पेटीला जो भाव असतो, तो मे महिन्यात उरत नाही. मोहोराच्या वेळी उचल घेतलेली असेल, तर बागायतदाराच्या मागे तगादाही असतो. अशा वेळी बारा आण्यांचे फळ पेटीत भरण्याचा मोह होतो. त्याचा सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. पहिल्या पेटीसाठी वाटेल तो भाव मोजणारा आणि ती दुकानासमोर मिरविणारा व्यापारीही त्यात भागीदार आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते. फळ कोणत्या दिवशी उतरवावे, हे मानांकन सांगत नाही.

भगवान ऋषभदेवांनी असि-मसीबरोबर कृषी आणि वाणिज्य ही दोन्ही कर्मे शिकविली, असे परंपरा मानते. ज्या अक्षय्यतृतीयेला त्यांचे इक्षुरसाने पारणे झाले आणि वर्षीतपाची पारणी आजही होतात, त्याच सुमारास रत्नागिरीच्या लहान बागांत तोडणीची धांदल असते. पेंढ्याच्या आढ्या घरात पसरलेल्या, माजघरात वास भरून राहिलेला, आणि पेट्या भरण्यासाठी शाळकरी मुलेही बसलेली.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बहुधा पाऊस येतो आणि बाग संपते. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा वर्ज्य करणाऱ्या श्रावकांच्या घरी तो त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या तिसऱ्या आठवड्याअखेर, ताटातून जातो. त्याआधी बागेतल्या बायकांचे एक काम उरलेले असते. डागी, विकावयास न जाणाऱ्या आंब्यांचा रस ताटांत ओतून त्याची साठे उन्हात घालावयाची. ती वाळण्यास कडक ऊन लागते. रोहिणी नक्षत्रात आभाळ भरून येऊ लागते, तेव्हा दुपारी कोणीतरी एकजण पायरीवर बसून दक्षिणेकडे पाहत असते, आणि पहिला गार वारा सुटताच साऱ्या घराची ताटे आत नेण्यासाठी धावपळ होते.