मोथा

आईच्या मोगऱ्याच्या वाफ्यात मोथा कधी शिरला, ते मला नेमकं ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी वाफ्यासाठी काळी माती मागवली होती, तिच्यातून तो आला. पंधरा दिवसांत चकचकीत हिरवी पाती वर आली. गवतच असेल म्हणून देठ चिमटीत धरून फिरवला, तर बोटांना तीन कडा लागल्या. गवताचा देठ गोल असतो, मोथ्याचा तिकोनी.

रोज सकाळी मी तो उपटायची. खाली ‘कट्’ असा बारीक आवाज व्हायचा आणि हातात नुसती पाती यायची. आठवड्याभरात वाफा पुन्हा हिरवा. शेजारी कामाला येणाऱ्या मावशी उमरेडकडच्या. त्यांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात निंदण काढण्यात गेलेलं. कुंपणापाशी थांबून त्या म्हणाल्या, “वरून ओढून काही होत नाही जी. त्याची गाठ खाली राह्यते. तोडली का एकाची चार होते.”

मग खुरपं घेऊन वीतभर खाली गेले. काळ्या मातीत काळ्या गाठी, दोऱ्यात मणी ओवावेत तशा एकीला एक जोडलेल्या. ही माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना निजवून ठेवते. माळ तुटली की एकेक जागी होते. म्हणजे इतके दिवस मी माझ्याच हातानं मोथा पेरत होते. लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान मोथ्यालाच आहे. नव्वदहून अधिक देशांतले शेतकरी त्याच्याशी झुंजतात हे वाचून मला उगाच धीर आला.

दुकानदारानं फवारणीचं औषध काढून दिलं होतं. मी घेतलं नाही. मोगऱ्यावर उडालं असतं तर तोही गेला असता. शिवाय २०१७ साली यवतमाळात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तणाचं औषध वेगळं, हे कळतं. पण तेव्हापासून पाठीवरचा पंप पाहिला की मला ती माणसं आठवतात.

खणताना खुरप्यानं एक गाठ चिरली गेली. आत पांढरट गर. बोटं नाकाशी नेली आणि तिथेच बसून राहिले. दिवाळीच्या पहाटेचा वास! आई इतवारीच्या बाजारातून आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा आणि नागरमोथा आणायची, उन्हात वाळवून कुटायची. पितळी वाटीतल्या उटण्यात जो खोल, मातकट सुगंध असायचा, तो ह्याचाच. तिला हे झाड ओळखता येत होतं का? मोगऱ्याखाली उगवलं असतं तर तिनं ते उपटलं असतं, की कोपऱ्यात थोडं राखलं असतं? विचारायला आता ती नाही.

मोथ्याच्या गाठी पाण्याला दाद देत नाहीत, कोरड्या उन्हाला देतात. पण मोगऱ्याला ऐन बहरात, मे महिन्यात, रोज पाणी हवं. वाफा कोरडा ठेवता येत नाही. म्हणून मुळांना धक्का न लावता, माळेचं टोक सापडेपर्यंत माती बोटांनीच उकरायची. नवतपा, उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागला तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकला होता. मी पाटीभर गाठी गच्चीवर नेऊन तापलेल्या स्लॅबवर पसरल्या, कुरड्यांच्या शेजारी. नऊ दिवसांनी त्या खडखडीत झाल्या. दाबल्या की तडकत होत्या. त्यातल्या मूठभर धुऊन पुन्हा वाळवल्या आणि आईच्या डब्यात ठेवल्या.

मृगाचा पहिला पाऊस परवा रात्री झाला. आज सकाळी वाफा पाहिला. मोगऱ्यावर शेवटच्या सहा कळ्या होत्या आणि बुंध्याशी, अगदी मुळांना बिलगून, एक चकचकीत पातं. मी देठ चिमटीत धरून फिरवला. मग आत जाऊन खुरपं आणलं.