छोटी बहू आणि तिचे प्रेक्षक

कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाविषयी बोलताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : मूळ कृतीशी तो कितपत इमान राखतो? प्रश्न गैर नाही. पण त्याचे उत्तर देताना आपण सगळे लक्ष दिग्दर्शकावर केंद्रित करतो आणि अंधारात बसलेल्या तिसऱ्या पक्षाला विसरतो. तो पक्ष म्हणजे प्रेक्षक. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'साहित्यकृतीचे माध्यमांतर' हा घटक शिकवताना 'साहिब बीबी और गुलाम' हा चित्रपट आम्ही विद्यार्थ्यांना वरचेवर दाखवत आलो आहोत, आणि त्यावरची मतेही आवर्जून ऐकत आलो आहोत. ही मते चित्रपटाविषयी जितके सांगतात, त्याहून अधिक ती व्यक्त करणाऱ्यांविषयी सांगतात, असे आम्हांला वाटू लागले आहे.

बिमल मित्र यांची ही बंगाली कादंबरी १९५३ साली ग्रंथरूपाने आली. १९५६ मध्ये तिच्यावर बंगालीत चित्रपट निघाला, आणि १९६२ मध्ये गुरुदत्त यांनी मुंबईत हिंदी चित्रपटाची निर्मिती केली. अब्रार अल्वी यांचे दिग्दर्शन, व्ही. के. मूर्ती यांचे छायाचित्रण, हेमंतकुमारांचे संगीत, आणि मीनाकुमारीची छोटी बहू. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेत्री आणि छायाचित्रकार हे चारही फिल्मफेअर पुरस्कार त्याला मिळाले. १९६३ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागातही तो होता. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, स्थळ कोलकाता. जमीनदारी पोखरली गेली आहे, पण मांजरीचे लग्न लावण्याची हौस शिल्लक आहे. खेड्यातून आलेला भूतनाथ या हवेलीच्या आश्रयाला राहतो आणि 'मोहिनी सिंदूर'च्या कारखान्यात नोकरी करतो. धाकट्या जमीनदाराची पत्नी त्याला बोलावून घेते, कारण रात्री घराबाहेर काढणाऱ्या नवऱ्याला परत आणणारे ते कुंकू तिला हवे आहे. कुंकवाचा गुण येत नाही. नवऱ्याला घरी थांबवायचे तर त्याच्या सोबतीला बसून प्यायला हवे, असे ठरते, आणि बाटली आणण्याचे काम पुन्हा भूतनाथावरच येते.

शीर्षकातला श्लेष मराठी वाचकाच्या अर्धाच हाती लागतो. साहेब, बिबि आणि गोलाम ही बंगालीत पत्त्यांची नावे आहेत : आपला राजा, राणी आणि गुलाम. यातला गुलाम तेवढा आपल्याकडेही गुलामच राहिला. पत्ता स्वतः खेळत नाही, त्याला खेळवले जाते, ही सूचना त्या शीर्षकातच आहे. आणि चित्रपटातला साहेबही या नियमाला अपवाद नाही.

आता मतांकडे वळू. ज्येष्ठ रसिकांचा एक वर्ग या चित्रपटाकडे पाहतो तो मुख्यतः एका वादासाठी : याचे खरे दिग्दर्शक अल्वी की गुरुदत्त? दुसरा वर्ग छायाप्रकाशावर बोलतो. कोठीवरच्या नृत्यात मुख्य नर्तकी उजेडात आणि साथीच्या नर्तकींचे चेहरे सबंध गाणेभर अंधारात, ही मूर्तींची किमया तो पुनःपुन्हा सांगतो. दोन्ही चर्चा मोलाच्या आहेत. परंतु या दोहोंत छोटी बहू कुठेच नसते, हेही नोंदवायला हवे. तिसरा वर्ग तिच्यावर मनापासून प्रेम करणारा. तिच्या विनवणीच्या गाण्यातल्या गीता दत्त यांच्या आवाजाने त्याचे डोळे आजही भरून येतात. चौथा वर्ग आमच्या वर्गात बसतो. तो विचारतो, की अशा नवऱ्यासाठी इतका आटापिटा कशाला? ही पतिव्रताधर्माची भलामण नव्हे काय? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. छोटी बहू नवऱ्याला सोडत नाही, हे खरेच. पण ती जे मागते ते त्या हवेलीत कोणत्याच सुनेने मागितलेले नाही. इतर सुना दागिने मोडून नवे घडवण्यात आणि सोवळ्याओवळ्यात रात्री काढतात. हिला नवऱ्याचा सहवास हवा आहे, आणि ती तो उघडपणे मागते. धर्माची भाषा वापरून ती जे मागते, ते धर्माने तिला देऊ केलेलेच नाही.

उत्तरपत्रिका तपासताना मात्र आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. व्यक्तिरेखांची तुलना करा, असा साधा प्रश्न होता. छोट्या बाबूच्या पिण्याला बहुतेकांनी 'विलासी वृत्ती', 'ऐषआराम', 'सरंजामी शौक' असे शब्द वापरले होते. त्याच बाटलीतून छोटी बहू प्यायली, की शब्द येत होते 'व्यसनाधीनता', 'अधःपतन', 'शोकात्म ऱ्हास'. मुलगे आणि मुली यांत फरक नव्हता. आम्ही हे वर्गात वाचून दाखवले तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरीपण असंच म्हणतात. बाबा घेतात त्याला 'सवय' म्हणतात. आईनं एकदा रागानं पेला भिंतीवर आपटला, तर तिला 'वेड लागलं' म्हणाले." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, एखादा वाक्प्रचार कसा वापरतात हे सांगावे तसे तिने ते सांगितले. त्या तासाला आम्ही पुढे काही शिकवले नाही.

यानंतर चित्रपटाच्या इतिहासातली एक घटना आम्हांला अधिक खुपू लागली. अखेरच्या भागात, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी एका साधुपुरुषाकडे जावे म्हणून छोटी बहू रात्री भूतनाथाबरोबर बग्गीतून निघते. या प्रवासात हेमंतकुमारांच्या आवाजातले एक गाणे होते, आणि त्यात तिने भूतनाथाच्या मांडीवर डोके टेकलेले होते. चित्रपट लागल्यावर प्रेक्षकांना हे रुचले नाही. गुरुदत्त यांनी ते गाणे काढून टाकले आणि त्या जागी दोघांचे केवळ संभाषण ठेवले. त्या गाण्याची चाल पुढे १९६६ च्या 'अनुपमा'त हेमंतकुमारांनीच वेगळ्या शब्दांसह वापरली. चाल वाचली, ते टेकलेले डोके तेवढे गेले.

या काटछाटीवर आमचे दोघांचे आजवर एकमत झालेले नाही. आमच्यापैकी एकाच्या मते प्रेक्षकांच्या नापसंतीने चित्रपटाचे भलेच केले. भूतनाथ आणि छोटी बहू यांच्या नात्याला चित्रपट कुठेही नाव देत नाही, हेच त्याचे वैभव आहे. स्पर्श दाखवला असता तर नाव द्यावे लागले असते. शिवाय पुढे बग्गी अडवली जाते, भूतनाथाला मारून टाकून दिले जाते आणि छोटी बहू नाहीशी होते, ते सारे मझल्या बाबूच्या संशयावरून. तो संशय निराधार असेल तितके ते क्रौर्य अधिक उघडे पडते.

दुसरीचे म्हणणे असे, की हे सौंदर्यशास्त्र नंतर सुचलेले आहे. चित्रगृहातल्या प्रेक्षकाला अनामिक नात्याची चिंता नव्हती. मझल्या बाबूला जे खटकले तेच त्याला खटकले : घरची सून, रात्रीची वेळ, परका पुरुष. हवेलीने जो निवाडा दिला, तोच तिकीट काढून आलेल्यांनी दिला. फरक इतकाच, की हवेलीने देह पुरला आणि यांनी रीळ कापायला लावले. आणि संशय निराधार असला तरच क्रौर्य क्रौर्य ठरते का? थकलेल्या बाईने ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या मांडीवर डोके ठेवले असते, तर तिचे तसे नाहीसे होणे रास्त ठरले असते?

या शेवटच्या प्रश्नाला पहिल्याकडे उत्तर नाही, हे तो मान्य करतो. तरीही पडद्यावर आज असलेला प्रसंग त्याला अधिक उत्कट वाटतो, तेही तो सोडत नाही. कलेचा निवाडा आणि माणुसकीचा निवाडा एकाच वेळी दोन दिशांना जाऊ शकतात, इथवर आम्ही दोघे आलो आहोत.

आमच्या घरातल्या एका आत्याबाई हा चित्रपट दूरदर्शनवर पाहताना जे बोलल्या, ते येथे नमूद करावेसे वाटते. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या आणि उभा जन्म मोठ्या वाड्याच्या माजघरात गेलेला. ढिगाऱ्याखाली सांगाडा सापडतो आणि हातातल्या कंगनावरून भूतनाथ तिला ओळखतो, तो प्रसंग पाहून आम्ही सगळे हळहळलो. आत्या म्हणाल्या, "एवढी वर्षं ती तिथंच होती, नि घरातल्या एकानंही विचारलं नाही, धाकटी कुठाय म्हणून." चित्रपटावरची पुष्कळ समीक्षा आम्ही वाचली आहे. हा प्रश्न तिच्यात आम्हांला आढळला नव्हता.

म्हणूनच मूळ कृतीशी इमान राखले की नाही, या प्रश्नाच्या जोडीला आम्ही आता आणखी एक प्रश्न ठेवतो. यंदाही वर्गात हा चित्रपट दाखवणार आहोत. चर्चेला आरंभ करण्यापूर्वी प्रत्येकाने एक कोरा कागद घ्यावा, मध्ये रेघ मारावी, एका बाजूला छोट्या बाबूसाठी आणि दुसऱ्या बाजूला छोट्या बहूसाठी मनात आलेली विशेषणे लिहावीत, असे सांगणार आहोत. कागदावर नाव घालायचे नाही. आम्ही दोघेही एकेक कागद भरणार आहोत आणि तो इतरांच्या गठ्ठ्यात मिसळणार आहोत.