फारकतीचा कागद

आमच्या पेढीच्या तिजोरीत जुन्या खातेवह्यांखाली शंभर रुपयांचा एक स्टॅम्प पेपर अनेक वर्षे पडून होता. त्यावर माझ्या भाचीची आणि तिच्या पतीची सही होती. साक्षीदार म्हणून समाजातील चार वडीलधाऱ्यांच्या सह्या होत्या आणि त्या चौघांपैकी एक मी होतो. त्या कागदाला आम्ही ‘फारकत’ म्हणत असू. सही करताना दोन घरांची अब्रू आपण राखली, असे मला मनापासून वाटले होते. ती समजूत किती चुकीची होती, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

गोष्ट २०११ सालची. पाच वर्षांचा संसार आणि चार वर्षांची मुलगी, पण दोघांचे जमेना. दोष कोणाचा, याची चर्चा येथे करीत नाही. ती त्यांची त्यांना ठाऊक. दोन्ही घरे नाशिकचीच, दोन्ही व्यापारी. कोर्टाची पायरी चढायची नाही, यावर मात्र सर्वांचे एकमत होते. उधारीचा तंटा असो वा भागीदारीचा, आपण चार माणसे बसून मिटवतो. तसाच हाही मिटवू, असे ठरले. एका रविवारी दुपारी बैठक झाली आणि दोन तासांत सगळे लिहूनही झाले. दागिने परत करायचे, मुलगी आईकडे राहील, तिचा वडिलांच्या घराशी संबंध राहणार नाही, आणि यापुढे उभयतांचा एकमेकांवर कोणताही हक्क उरला नाही. चहा झाला. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

सात वर्षांनी, २०१८ मध्ये, भाचीसाठी एक चांगले स्थळ आले. गृहस्थ विधुर होते आणि माणसे समंजस होती. त्यांच्या वकिलांनी एवढेच विचारले, “कोर्टाचा हुकूमनामा कुठे आहे?” मी मोठ्या विश्वासाने तिजोरीतला कागद पुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, “काका, कायद्याच्या दृष्टीने ताई अजून विवाहितच आहेत.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याने विवाह मोडतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. एखाद्या जातीत फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो. पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले आहे. आमच्याकडे तशी रूढी नव्हती, होती ती केवळ लोकलज्जा. त्या कागदाच्या भरवशावर भाचीचे दुसरे लग्न लावले असते, तर ते रद्दबातल ठरलेच असते, शिवाय गुन्हाही झाला असता. आणि त्या सात वर्षांत दोघांपैकी कोणाचे बरेवाईट झाले असते, तर मृत्युपत्र नसताना दुसरा वारस म्हणून उभा राहिला असता.

त्याच सुमारास दुसरा धक्का बसला. बँकेची नोटीस भाचीच्या नावाने माहेरी आली. लग्नानंतर सासरच्या एका फर्ममध्ये तिला भागीदार केले होते आणि बँकेच्या कर्जाला जामीनदार म्हणून तिची सही घेतली होती. आपल्याकडे कर वाचावा, मर्यादा वाढावी म्हणून सुनांची नावे अशीच घातली जातात. सून स्वयंपाकघरातून हात पुसत येते, दाखवू तिथे सही करते आणि परत जाते. संसार संपला, पण ती सही संपली नव्हती. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँकेने लेखी मुक्त केल्याशिवाय ती सुटत नाही. भागीदारीतून निवृत्त होतानाही १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस द्यावी लागते, नाहीतर तिऱ्हाइतांच्या दृष्टीने जबाबदारी चालूच राहते. आम्ही चौघेही आयुष्यभर भागीदारीत धंदा केलेले. पण आमच्या कागदात याबद्दल एक ओळ नव्हती.

अखेर आम्ही नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात गेलो. पत्नी जिथे राहते तिथेच तिला अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने ती सोय झाली आहे. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ पासून आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. दीर्घकाळ वेगळे राहिलेल्या आणि सर्व प्रश्न मिटवलेल्या जोडप्यांसाठी न्यायालय हे सहा महिने माफ करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. त्याचा आम्हाला उपयोग झाला.

मात्र मला आठवते ती विवाह समुपदेशकांची खोली. त्या बाईंनी दागिन्यांचे विचारले नाही, दोषाचेही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मुलगी वडिलांना शेवटची कधी भेटली?”

कोणी उत्तर दिले नाही. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. ‘संबंध राहणार नाही’ असे आम्हीच लिहिले होते, आणि दोन्ही घरांनी ते इमानाने पाळले होते. असे लिहिण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे कायदा म्हणतो. पण अंतिम कसोटी मुलाच्या हिताची असते. आईवडिलांनी आपसांत काहीही ठरवले, तरी मुलाचा पोटगीचा हक्क ते सोडून देऊ शकत नाहीत. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे. आईवडिलांच्या घटस्फोटाने तो हिस्सा जात नाही.

हुकूमनामा मिळाला. जामीनही बदलला. पण स्थळाची मंडळी तोपर्यंत थांबली नाहीत. भाचीने मला बोल लावला नाही. “मामा, तुम्ही चांगल्या मनानेच सही केली होती,” एवढेच ती म्हणाली. हे वाक्य मला आजही जड जाते.

त्यानंतर मी अशा बैठकींना गेलो की काही गोष्टी आग्रहाने मांडतो. पहिली स्त्रीधनाची. ते पत्नीचे स्वतःचे असते आणि पती वा सासरचे त्याचे केवळ विश्वस्त असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले. लग्नातील भेटवस्तूंची सह्यांनिशी यादी ठेवावी, असा नियमही त्याच वर्षी झाला. अर्ध्या तोळ्याची पावती जपणारे आपण ही यादी मात्र करीत नाही. दुसरी गोष्ट पोटगीची. २०२० च्या निर्णयानुसार दोघांनाही मिळकत, मालमत्ता व कर्जांचे शपथपत्र द्यावे लागते. विवरणपत्रातील उत्पन्न एक आणि घराचे राहणीमान दुसरे असेल, तर ते तिथे उघडे पडते. तिसरी गोष्ट घराची. बंगला सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने सुनेला बाहेर काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिलेला निवासाचा हक्क २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासरच्या मालकीच्या सामायिक घरालाही लागू केला. चौथी गोष्ट विमा, ठेवी आणि डिमॅट खात्यांवरील नामनिर्देशनाची. ते आपोआप बदलत नाही.

मन अजून ठरलेले नसेल, तर कायद्यात ‘न्यायिक फारकत’ही आहे. तिच्यात विवाह कायम राहतो, दुसरे लग्न करता येत नाही; पण एकत्र राहण्याचे बंधन सुटते आणि पुन्हा जुळण्याची वाटही मोकळी राहते. आमच्या कागदावर नाव तेच होते. फरक एवढाच, की ही फारकत न्यायालय देते.

अलीकडे काही जण मला विचारतात, “जैन अल्पसंख्याक झाले, मग हा कायदा आपल्याला लागतो का?” २०२५ च्या फेब्रुवारीत इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने याच कारणाने एक अर्ज फेटाळला होता. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो निर्णय रद्द केला. २०१४ मध्ये मिळालेल्या अल्पसंख्याक दर्जाने विवाहाचा कायदा बदललेला नाही.

समेटासाठी वडीलधाऱ्यांनी जरूर बसावे. कौटुंबिक न्यायालयही आधी तोच प्रयत्न करते. परंतु जिथे समेट होत नाही, तिथे आपले काम दोघांना चांगल्या वकिलाकडे नेण्याचे आहे, निवाडा लिहिण्याचे नव्हे. मला अजूनही बैठकींना बोलावणी येतात. मी जातो, ऐकतो आणि मूल असेल तर आधी त्याच्याबद्दल विचारतो. कोणी स्टॅम्प पेपर पुढे केला, तर घरून आणलेला तो जुना कागद दाखवतो आणि माझी सही कुठे आहे, त्यावर बोट ठेवतो.