किनाऱ्याची वीज

मराठीत शीड आहे, डोलकाठी आहे, सुकाणू आहे. बॅटरीच्या स्विचला मात्र शब्द नाही. कोशकारांना त्याची गरज पडली नसावी. मला ती पडली २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत, इंग्लंडमध्ये, साउदम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीवर.

माझा थोरला भाऊ तिथे एका जुन्या शिडाच्या बोटीवर एकटा राहतो. वहिनी गेल्यानंतर त्याने घर विकून ही बोट घेतली. तो निर्णय आम्हां कुणालाच रुचला नव्हता. फोनवर तो नेहमी ‘मजेत आहे’ म्हणे. हृदयाची शस्त्रक्रिया ठरल्याचेही त्याने हवापाण्याविषयी बोलता बोलता सांगून टाकले. मी गेले.

रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी त्याने मला बोट समजावून दिली. धक्क्यावरच्या खांबातून एक जाड केबल बोटीत येते. ती किनाऱ्याची वीज, २३० व्होल्टची. तिच्यावर किटली, हीटर आणि बॅटऱ्यांचा चार्जर चालतो. दिवे, फ्रीज आणि पंप मात्र १२ व्होल्टवर, म्हणजे कायम बॅटरीवरच. बॅटऱ्या दोन. एक घरखर्चाची, दुसरी केवळ इंजिन सुरू करण्यासाठी राखून ठेवलेली. त्यांच्यासाठी एक तांबडा गोल स्विच : ‘बंद’, ‘१’, ‘दोन्ही’, ‘२’.

“अगं, हा १ वरच राहू दे. आणि इंजिन चालू असताना ‘बंद’वर चुकूनही नेऊ नकोस, अल्टरनेटर जळेल.”

मी विद्यार्थिनीसारखी मान डोलावली, आणि विद्यार्थिनीसारखीच दुसऱ्या दिवशी स्वतःची बुद्धी चालवली. स्विच १ वर असेल तर चार्जरची वीज पहिल्याच बॅटरीला मिळणार, दुसरी उपाशी राहणार, असे मला वाटले. मी तो ‘दोन्ही’वर फिरवला. ही चूक पुष्कळांची होते, असे दादाने नंतर सांगितले. वस्तुतः चार्जरच्या तारा स्विचला वळसा घालून प्रत्येक बॅटरीपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचलेल्या होत्या. कोणती बॅटरी भरायची हे तो स्विच ठरवतच नाही; कोणत्या बॅटरीतून खर्चायचे, एवढेच ठरवतो. ‘दोन्ही’ म्हणजे घरखर्च आणि राखीव ठेव एकाच खात्यात. एकीचे बळ वगैरे इथे लागू नाही. थकलेली बॅटरी दुसरीलाही आपल्याबरोबर खाली ओढते.

किनाऱ्याची वीज येत होती तोवर तेही खपून गेले असते. संध्याकाळी हीटर चालू असतानाच मी किटली लावली, आणि तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला : शस्त्रक्रिया उद्या पहाटेच. दिवे तसेच ठेवून मी निघाले. माझ्या पाठीमागे कधीतरी खांबावरचा १६ अँपिअरचा ब्रेकर पडला.

सांगलीला लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की पंखा क्षणभर मंदावे, इन्व्हर्टर टुक्‌ करी, आणि अख्खी गल्ली ‘गेली!’ म्हणे. बोटीवर यातले काहीच होत नाही. दिवे आधीही बॅटरीवरच जळत असतात, नंतरही जळत राहतात.

दुसऱ्या रात्री, दादा शुद्धीवर आल्यावर, मी परतले. दुरून खिडकीत उजेड दिसला आणि मला बरे वाटले. आत आल्यावर कळले, तो उजेड काजळलेल्या कंदिलासारखा पिवळा होता. किटलीतले पाणी तसेच, थंड. व्होल्टमीटरचा काटा दहाच्याही खाली. फळीखालून कण्हल्यासारखा आवाज येत होता. पंख्याच्या दांड्यापाशी बोटीत थेंब थेंब पाणी झिरपते. ते उपसणारा पंप सगळे स्विच बंद असले तरी चालावा म्हणून थेट बॅटरीला जोडलेला असतो. पण बॅटरीच रिकामी असेल तर त्याने काय करावे? तो नुसता घुमत होता. एरवी अशा वेळी इंजिन चालवून बॅटरी भरता येते. त्यासाठी राखलेली दुसरी बॅटरी मी दिव्यांना खाऊ घातली होती.

शेजारच्या बोटीवरच्या वृद्ध गृहस्थांनी खांबावरचा ब्रेकर वर केला, स्विच १ वर आणला, आणि एक शब्दही न बोलता माझ्या हाती बादली दिली.

दादाला मी हे तिसऱ्या दिवशी सांगितले. तो हसला, मग टाके दुखले म्हणून छाती धरून थांबला. “दिवे लागलेले होते ना,” मी म्हणाले, “मला वाटलं सगळं ठीक आहे.” त्यावर तो काही बोलला नाही.

आता रविवारी फोन केला की ‘कसा आहेस?’ असे मी विचारत नाही. काटा किती, हे विचारते. केबलमधून वीज येत असेल तर तो १३.६ च्या आसपास असतो. केवळ भरलेली बॅटरी १२.७ दाखवते. त्याखाली गेला तर कुणीतरी धक्क्यावर जाऊन पाहायला हवे. एका फेब्रुवारीत त्याला आकडा सांगायला वेळ लागला.

“१२.१,” तो म्हणाला. चार दिवस तो बाहेरच पडला नव्हता. मग म्हणाला, “थांब हं, खांब बघून येतो.”

फोन त्याने चालूच ठेवला. लाकडी पायऱ्यांवर त्याची पावले वाजत गेली, आणि मी सांगलीत स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी ऐकत उभी राहिले.